आयआरसीवरची संरक्षक स्क्रिप्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयआरसी म्हणजे सर्व्हरमार्फत चालणाऱ्या मजकुराच्या गप्पा. हे प्रश्न मुख्यतः विंडोजवर एमआयआरसी हा क्लायंट (गप्पांचा प्रोग्राम) वापरणाऱ्यांचे आहेत. इतर क्लायंटवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे, पण फ्लड (ओळींचा मारा), बॅन (प्रवेशबंदी) आणि डीसीसी (दोन मशीनांमधला थेट दुवा) यांबद्दलची उत्तरं त्यांनाही लागू पडतात. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत करायची.

संरक्षक स्क्रिप्ट म्हणजे नक्की काय?

एमआयआरसीला स्वतःची एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा आहे. चॅनलवर (गप्पांच्या खोलीत) कुणी आलं, कुणी बोललं, कुणी तुमचा ऑप (चॅनल सांभाळण्याचा अधिकार) काढला, की क्लायंटमध्ये त्याची घटना नोंदली जाते. त्या घटनेनंतर काय करायचं हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतं. संरक्षक स्क्रिप्ट ही अशीच एक फाइल. तिला अँटिव्हायरस किंवा फायरवॉल समजू नका. सर्व्हरने क्लायंटकडे ज्या ओळी पाठवल्या तेवढ्याच तिला दिसतात, आणि तुम्ही हाताने जे टाइप करू शकला असता तेच ती करते, फक्त झटकन.

मुळात तिची गरज का पडली?

आयआरसी १९८८ साली फिनलंडमध्ये औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलं, तेव्हा वापरणारे थोडे आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे होते. मे १९९३ मध्ये आलेल्या आरएफसी १४५९ या आयआरसीचे नियम सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात निक (टोपणनाव) कुणाच्या मालकीचं नसतं आणि चॅनलही नसतं. रिकाम्या चॅनलमध्ये जो पहिला शिरेल तो ऑप. सर्व्हरांमधला दुवा तुटला की एका बाजूला चॅनल रिकामं पडायचं, तिथे कुणीतरी घुसून ऑप मिळवायचा आणि दुवा जुळताच उरलेल्यांना बाहेर काढायचा. याला तेव्हा 'टेकओव्हर' म्हणत आणि हा काही लोकांचा छंदच होता.

यावर नेटवर्कांनी वेगवेगळे उपाय काढले. अंडरनेटवर 'एक्स' नावाचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) चॅनल सांभाळू लागला, डालनेटवर निक आणि चॅनल नोंदवणाऱ्या निकसर्व्ह आणि चॅनसर्व्ह या सेवा आल्या. ईएफनेटने निकची नोंदणी ठेवलीच नाही, त्यामुळे तिथे लोक १९९३ पासून एगड्रॉप हा बॉट चालवत आले. ज्याच्याकडे चोवीस तास बॉट चालवायला मशीन नव्हतं त्याने स्वतःच्या क्लायंटमध्येच स्क्रिप्ट घातली.

मग आज, नोंदणी असलेल्या नेटवर्कवर, ती कशाला?

बरंचसं काम आता सर्व्हरच करतो, हे खरं. होस्ट (तुमच्या जोडणीचा पत्ता) झाकला जातो, नोंदणी नसलेल्यांना चॅनलबाहेर ठेवता येतं, गेलेला ऑप चॅनसर्व्हकडून परत मिळतो. माझ्या मते स्क्रिप्टकडे आता तीनच कामं उरली आहेत: तुमच्या क्लायंटला नको तिथे बोलण्यापासून थांबवणं, नको त्या ओळी डोळ्यांआड करणं आणि ऑप असाल तर दोन सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदात करणं. याहून जास्त 'फीचर' मिरवणारी स्क्रिप्ट दिसली की मी ती आधी नोटपॅडमध्ये उघडतो.

हल्ला दुसऱ्याने केला, तर 'एक्सेस फ्लड' म्हणून सर्व्हर मलाच का बाहेर काढतो?

कारण सर्व्हरच्या दृष्टीने जास्त तुम्ही बोललात.

सीटीसीपी ही क्लायंटने क्लायंटला विचारायच्या प्रश्नांची पद्धत आहे. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी अ‍ॅस्कीतलं १ क्रमांकाचं चिन्ह असतं आणि मध्ये पिंग, व्हर्जन, टाइम असा शब्द. असा प्रश्न आला की तुमचा क्लायंट तुम्हाला न विचारता उत्तर पाठवतो. आता वीस क्लोननी (एकाच माणसाने उघडलेल्या जोडण्यांनी) एकाच वेळी प्रत्येकी दोन प्रश्न पाठवले असं समजा. प्रत्येक क्लोनच्या नावावर दोनच ओळी, म्हणजे तो निर्दोष. तुमच्या नावावर मात्र चाळीस उत्तरं.

सर्व्हरचा हिशोब आरएफसी १४५९ मध्येच दिलेला आहे. तुमच्या प्रत्येक ओळीमागे तुमचं घड्याळ दोन सेकंद पुढे ढकललं जातं. ते खऱ्या वेळेच्या दहा सेकंद पुढे जाईपर्यंत ओळी लगेच हाताळल्या जातात, त्यानंतर रांग लागते. म्हणजे साधारण पाच ओळी एका दमात आणि मग दर दोन सेकंदांना एक. रांगेत साचलेला मजकूर सर्व्हरने ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की कनेक्शन तुटतं. आजचे सर्व्हर आकडे आपापले ठेवतात, पण तत्त्व हेच.

म्हणून स्क्रिप्टने काय पाठवलं यापेक्षा तिने काय पाठवलं नाही हे महत्त्वाचं. बऱ्याच जुन्या स्क्रिप्टा फ्लड ओळखला की चॅनलवर रंगीत अक्षरांत जाहीर करतात, हल्लेखोराला नोटिस (सूचनेचा संदेश) पाठवतात, त्याची माहिती 'हूइज' कमांडने मागवतात. रांग भरलेली असताना या तिन्ही ओळी तुमच्याच खात्यावर पडतात. चांगली स्क्रिप्ट त्या क्षणी गप्प बसते, उत्तरं अडवते आणि जे सांगायचं ते फक्त तुमच्या स्वतःच्या खिडकीत छापते. असं छापायला 'एको' कमांड आहे. ती सर्व्हरकडे काहीच पाठवत नाही.

एमआयआरसीमध्ये फ्लड-संरक्षण आधीपासून दिलेलं आहे. ऑप्शन्समध्ये आयआरसी या भागात ते सापडेल. किती बाइट्सनंतर सावध व्हायचं, एका माणसाच्या किती ओळी सहन करायच्या आणि त्याला किती सेकंद इग्नोर करायचं हे तिथे ठरवता येतं. स्क्रिप्ट शोधण्याआधी ते चालू करा. अनेकांचं काम तेवढ्यावरच भागतं.

सीटीसीपी पूर्णच बंद करून टाकू का?

चालेल, पण एक लक्षात ठेवा. 'मी'ची कमांड देऊन लिहिलेली कृतीची ओळ आणि डीसीसीची विनंती, दोन्ही त्याच चिन्हात गुंडाळून येतात. जी स्क्रिप्ट नुसतं ते चिन्ह बघून ओळ गाळते, ती मित्रांचं निम्मं बोलणंही गिळते. फक्त पिंग, व्हर्जन, टाइम, फिंगर अशी नावं धरून उत्तरं थांबवा, किंवा दहा सेकंदांत दोनच उत्तरं अशी एकूण मर्यादा घाला. ही मर्यादा माणशी ठेवू नका, सगळ्यांची मिळून ठेवा. माणशी मर्यादेतून क्लोन सहज निसटतात, वर पाहिलंच.

इग्नोर केलं की संपलं ना?

तुमच्या डोळ्यांपुरतं. इग्नोर क्लायंटमध्ये होतं. ओळी तुमच्या कनेक्शनवरून येतच राहतात आणि क्लायंट त्या फेकून देतो. उत्तर जात नाही, हा खरा फायदा. ओळी सर्व्हरवरच अडवायच्या असतील तर नेटवर्ककडे काय सोय आहे ते पाहा. अंडरनेट आणि डालनेटवर 'सायलेन्स' कमांड आहे. काही नेटवर्कांवर '+जी' हा यूजर मोड लावला की तुम्ही परवानगी दिलेल्यांचेच खासगी संदेश येतात. लिबेरा या नेटवर्कवर '+आर' लावला (इंग्रजी कॅपिटल) तर नोंदणी न केलेल्यांचे खासगी संदेश पोचत नाहीत.

आणि इग्नोर निकवर करू नका, होस्टवर करा. निक बदलायला एक सेकंद लागतो. एमआयआरसीच्या अ‍ॅड्रेस फंक्शनला २ हा प्रकार दिला की *!*@ आणि पुढे पूर्ण होस्ट असा मुखवटा मिळतो; बहुतेक वेळा तोच हवा असतो. सोबत सेकंदांची मुदतही द्या. कायमची इग्नोर यादी सहा महिन्यांनी वाचून बघा, त्यातली निम्मी माणसं कोण हे आठवणार नाही.

आधी किक की आधी बॅन?

आधी बॅन. किक झाल्याबरोबर (चॅनलबाहेर काढताच) परत येण्याची सेटिंग बऱ्याच जणांनी लावलेली असते.

पन्नास क्लोन एकदम शिरले तर स्क्रिप्टने सगळ्यांना किक करावं का?

मुळीच नाही. दोन सेकंदांना एक या वेगाने पन्नास किक म्हणजे शंभर सेकंद, आणि त्याआधीच तुम्ही स्वतः बाहेर. एक ओळ पुरते: चॅनलला '+आय' लावा, म्हणजे निमंत्रणाशिवाय कुणी येणार नाही, किंवा '+एम' लावा, म्हणजे व्हॉइस (बोलण्याची परवानगी) नसलेल्यांना बोलता येणार नाही. नेटवर्क देत असेल तर फक्त नोंदणीकृतांना प्रवेश देणारा मोड सर्वांत बरा. मग शांतपणे होस्ट बघा. ते एकाच जागेचे असतील तर एका बॅनमध्ये सगळे येतात. नंतर मोड काढायला विसरू नका. स्क्रिप्टमध्ये पाच-दहा मिनिटांनी मोड आपोआप काढणारा टायमर हवाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी चॅनल ओस पडलेलं दिसतं आणि कारण कुणाला कळत नाही.

एका मोड-ओळीत किती बॅन बसतात हे नेटवर्कनुसार बदलतं. आरएफसी १४५९ मध्ये तीनची मर्यादा होती. आता सर्व्हर जोडणीच्या वेळीच आपला आकडा सांगतो आणि एमआयआरसीत तो 'मोड्सपीएल' या नावाने मिळतो. स्क्रिप्टमध्ये ३ किंवा ६ असा आकडा कोरून ठेवलेला दिसला तर ती एकाच नेटवर्कसाठी लिहिली आहे असं समजा.

क्लोन मोजणारी स्क्रिप्ट एकाच होस्टवरून किती जण आले ते बघते. एका कार्यालयातले चौघे, एकाच वेब-गेटवेतून आलेले दहा अनोळखी, एकच व्हीपीएन वापरणारे, हे सगळे तिला क्लोनच वाटतात. अशा होस्टांना सूट देणारी यादी नसेल तर ते फीचर बंद ठेवा. आयपीव्ही६ वर उलटी गंमत आहे. तिथे एकाच माणसाच्या हातात सहसा अख्खा /६४ (पत्त्यांचा मोठा गट) असतो, म्हणून एकेक पत्ता बॅन करण्यात अर्थ नाही, पूर्ण /६४ बॅन करावा लागतो.

मला किक करणाऱ्याला आपोआप उलट किक करणारं फीचर चालू ठेवू का?

किक झाल्यावर तुम्ही चॅनलबाहेर असता, परत आलात तरी ऑप नसतो. म्हणजे ते फीचर चालतं फक्त मित्राच्या वतीने सूड घ्यायला. दोघांकडे तसलीच स्क्रिप्ट असेल तर काय होतं ते बघायला चॅनलवर गर्दी जमते. बंद ठेवा.

शिव्या गाळणारी यादी मराठी चॅनलवर चालते का?

जपून. बहुतेक स्क्रिप्टा शब्दाच्या दोन्ही बाजूंना * हे तारकाचिन्ह लावून शोधतात. 'साला' हा शब्द असा यादीत घातलात, की 'दिवसाला किती तास ऑनलाइन असतोस' विचारणारा बाहेर आणि 'माणसाला काम असतं' म्हणणाराही बाहेर. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजी चॅनलसाठी लिहिलेला नियम इथे सरळ उचलता येत नाही. पूर्ण शब्द जुळला तरच कारवाई असा नियम ठेवा आणि जी रूपं खरोखर वापरली जातात तीच एकेक करून घाला. ऱ्हस्व-दीर्घाचे सगळे पर्याय घालायच्या भानगडीत पडू नका. ज्याला शिवी द्यायचीच आहे तो मध्ये एक टिंब घालतो. पहिल्यांदा किकऐवजी इशारा द्या, तोही चॅनलवर नको, त्या माणसाला एकट्याला.

देवनागरीत लिहिणाऱ्यांवर टेक्स्ट-फ्लडची कारवाई लवकर होते, असं का?

आयआरसीची एक ओळ शेवटच्या दोन चिन्हांसकट ५१२ बाइट्सची. त्यातच पाठवणाऱ्याचा पत्ता आणि चॅनलचं नावही बसवायचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं. त्यामुळे रोमन लिपीत एका ओळीत मावणारा परिच्छेद देवनागरीत तीन ओळींचा होतो, क्लायंट तो तोडून पाठवतो आणि 'तीन सेकंदांत तीन ओळी' असा नियम लावलेली स्क्रिप्ट भल्या माणसाला उडवते. मर्यादा वाढवा, किंवा ओळी मोजण्याऐवजी एकच ओळ पुन्हा पुन्हा येते का ते तपासा. एमआयआरसी २०१० मधल्या ७ व्या आवृत्तीपासून पूर्ण युनिकोड झालं. त्याआधीच्या काळात लिहिलेल्या स्क्रिप्टांमधले लांबी मोजणारे भाग तपासूनच घ्या.

मोठ्या अक्षरांत ओरडणाऱ्याला किक करणारं फीचर देवनागरीत अर्थातच काही करत नाही.

डीसीसीचा धोका काय?

डीसीसीत फाइल किंवा गप्पा सर्व्हरमधून न जाता थेट दोन मशीनांमध्ये होतात, त्यासाठी तुमचा खरा आयपी पत्ता समोरच्याला द्यावा लागतो. तो एका सलग आकड्यात लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १२७.०.०.१ हा पत्ता २१३०७०६४३३ असा. दिसायला गूढ, उलगडायला सोपा. नेटवर्कने होस्ट झाकला असला तरी डीसीसीची विनंती तुम्ही पाठवलीत, किंवा आलेली स्वीकारलीत, की झाकण उडालं. स्क्रिप्टने अनोळखी निकच्या विनंत्या तुम्हाला खिडकी न दाखवताच नाकाराव्यात. 'आपोआप स्वीकारा' हा पर्याय कुणासाठीही नको, जवळच्या मित्रासाठीही नको, कारण बाधित मशीनवरून फाइल मित्राच्याच नावाने येते.

संरक्षक स्क्रिप्टच घातक असू शकते का?

असू शकते, आणि आयआरसीवरचा सर्वांत जुना फास हाच आहे. १९९७ च्या अखेरीस 'स्क्रिप्ट.आयएनआय' नावाची फाइल डीसीसीने पसरली. त्या वेळी आलेली फाइल एमआयआरसीच्याच फोल्डरमध्ये उतरायची आणि त्या नावाची स्क्रिप्ट आपोआप लोड व्हायची, त्यामुळे स्वीकारणारा पुढच्यांना तीच फाइल वाटू लागायचा. मे २००० मधल्या 'लव्हलेटर' किड्यानेही मेलखेरीज एमआयआरसीच्या फोल्डरमध्ये हीच फाइल लिहून पसरायचा रस्ता ठेवला होता.

लोड करण्याआधी फाइल वाचा. रन, डीएलएल, राइट, रिमूव्ह, सॉकओपन, डिकोड हे शब्द शोधा आणि प्रत्येकाचं कारण समजतं का बघा. विशिष्ट निकचा किंवा होस्टचा संदेश आला की त्यातला मजकूर कमांड म्हणून चालवणारी ओळ सापडली, तर तो लेखकाने ठेवलेला मागचा दरवाजा. आडवं स्क्रोल करायला विसरू नका. दोनशे रिकाम्या जागांनंतर खरी ओळ लिहिणं ही जुनी युक्ती आहे. लोड करताना 'सुरुवातीच्या कमांड चालवू का' असं एमआयआरसी विचारतं, तिथे वाचून होईपर्यंत नाहीच म्हणा.

चॅनलवर कुणीतरी 'ही ओळ पेस्ट कर, संरक्षण चालू होईल' म्हणालं. करू?

नाही. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी, मध्ये डिकोड आणि त्यापुढे अगम्य अक्षरांचा पुंजका असलेली ओळ तर कधीच नाही. ती तुमच्या डिस्कवर एक फाइल लिहिते आणि लगेच ती लोड करते. ऑप्शन्समधल्या 'लॉक' भागात डिकोड, रन आणि डीएलएल बंद करता येतात. संगणक घरात अनेकजण वापरत असतील तर ते करूनच ठेवा.

मी स्वतः स्क्रिप्ट लिहितोय. सगळ्यांकडून होणारी चूक कोणती?

दुसऱ्याचा मजकूर टायमरमध्ये घालणं. टायमरला दिलेली ओळ दोनदा तपासली जाते: एकदा टायमर लावताना आणि एकदा तो वाजताना. पहिल्या वेळी तुमच्या $१- च्या जागी समोरच्याचं वाक्य येतं आणि दुसऱ्या वेळी ते वाक्यच कोड म्हणून वाचलं जातं. त्याने वाक्यात $ घालून फाइल वाचणारं फंक्शन लिहिलं किंवा | टाकून पुढे 'क्विट' लिहिलं, तर ते तुमच्या मशीनवर चालतं. 'पाच सेकंदांनी उत्तर देणारी' निरागस स्क्रिप्ट अशी उघडी पडते. नव्या आवृत्त्यांमध्ये यासाठीच 'अनसेफ' हे फंक्शन दिलं आहे; टायमरमध्ये जाणारा परका मजकूर त्यातूनच पाठवा. मजकूर टायमरमध्ये जाणारच नाही अशी रचना जमली तर आणखी बरं.

दुसरं, नोटिसला आपोआप उत्तर देऊ नका. आरएफसीत तशी स्पष्ट मनाई आहे, कारण दोन यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसली की थांबत नाहीत. तिसरं, ऑप असतानाच चालायच्या घटनेपुढे @ लावा, म्हणजे ऑप नसताना व्यर्थ किक पाठवून सर्व्हरच्या चुका खाव्या लागत नाहीत.

दोन संरक्षक स्क्रिप्टा एकत्र लावल्या तर दुप्पट संरक्षण?

दुप्पट ओळी. दोघी एकाच माणसाला बॅन करतील आणि किकही दोनदा पाठवतील. एका फाइलमध्ये एका प्रकारची जुळणारी पहिली घटनाच चालते, पण वेगवेगळ्या फाइलींमधल्या सगळ्या चालतात, हे त्यामागचं कारण. दोन स्क्रिप्टा एकाच फाइलमध्ये चिकटवल्या तर उलट तक्रार येते, की 'दुसरी चालतच नाही'.

स्क्रिप्ट माझा पासवर्ड सांभाळेल का?

एका बाबतीत ती फार उपयोगी आहे. निकसर्व्हला आयडेंटिफाय करताना (पासवर्ड देताना) कमांडच्या तिरप्या रेघेआधी चुकून एक मोकळी जागा पडली की पासवर्ड सगळ्या चॅनलला दिसतो. तुम्ही एंटर दाबताच ओळ तपासून ती अडवणारी 'इनपुट' घटना चार ओळींत लिहिता येते, ती जरूर लिहा. पासवर्ड आपोआप पाठवणारी स्क्रिप्ट मात्र निकसर्व्हचा पूर्ण पत्ता तपासते का ते बघा. ज्या नेटवर्कवर सेवा नाहीत तिथे निकसर्व्ह हे निक कुणीही घेऊ शकतं. नेटवर्क देत असेल तर सासल वापरा: ओळख जोडणीच्या वेळीच पटते, चॅनलमध्ये शिरण्याआधी होस्ट झाकला जातो, स्क्रिप्टची गरजच राहत नाही. पोर्ट ६६६७ ऐवजी टीएलएसचं (कूटबद्ध जोडणीचं) ६६९७ घ्या.

डीडॉस?

अनेक मशीनांवरून होणाऱ्या या माऱ्यापुढे स्क्रिप्ट काही करू शकत नाही. १९९७ मध्ये विननूक हे मशीन पाडणारं हत्यार आलं तेव्हाही पोर्ट १३९ वर आलेलं एकच पॅकेट विंडोज ९५ पाडायचं, आणि क्लायंटमधल्या स्क्रिप्टपर्यंत ते पोचतच नसे. 'अँटी-नूक' अशी पाटी लावलेल्या स्क्रिप्टा तेव्हा खूप वाटल्या गेल्या, पाटीपुरत्या.

हेक्सचॅट, इर्सी, वीचॅटवर एमआयआरसीची स्क्रिप्ट चालेल का?

नाही, या क्लायंटांची भाषाच वेगळी. इर्सीत पर्ल, वीचॅटमध्ये पायथन, पर्ल, लुआ आणि आणखी काही. हेक्सचॅटची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तेव्हा त्यासाठी नवी स्क्रिप्ट लिहायला बसण्यात अर्थ नाही.

स्क्रिप्ट काढून टाकायची कशी?

आल्ट आणि आर दाबून एडिटर उघडा, रिमोट टॅबमध्ये ती फाइल निवडून फाइल मेनूतून अनलोड करा. नुसती फाइल डिस्कवरून उडवू नका. मग व्हेरिएबल्सच्या टॅबमध्ये तिने मागे ठेवलेला कचरा साफ करा. अ‍ॅड्रेस बुकमधल्या कंट्रोल भागात इग्नोर यादी पाहा, आणि ऑप असाल तर चॅनलची बॅन यादीही. तिने लावलेले बॅन तिच्याबरोबर जात नाहीत. यादीत *!*@* असा बॅन दिसला तर तो आधी काढा, कारण तो असेपर्यंत चॅनलमध्ये नवीन कुणालाच येता येत नाही.